काट्याच्या पोटातली मोहोर

दसऱ्याचे सोने लुटून झाले की चार-आठ दिवसांत शिरूर कासार तालुक्यातील वाड्या-वस्त्यांची अंगणे ओस पडू लागतात. पत्र्याची पेटी, बाजरीचे पोते, चार भांडी, एखादी शेळी आणि झोपेतून उठवलेली लेकरे असा सारा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो, आणि बालाघाटाच्या कुशीतील ही माणसे सांगली-कोल्हापूरकडे किंवा थेट कर्नाटकातील कारखान्यांकडे ऊस तोडायला निघतात. पाडव्याच्या सुमारास ती परततात, तेव्हा त्यांच्याजवळ साऱ्या हंगामाचा एकच लेखी पुरावा असतो: प्लॅस्टिकच्या पिशवीत सुतळीने बांधून ठेवलेल्या वजनाच्या चिठ्ठ्या. मी शिक्षकी पेशात आयुष्य घालवले असल्यामुळे अशा पिशव्या माझ्या ओट्यावर दरवर्षी येतात. एका वर्षी एक बाई ती पिशवी पुढे ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, हिच्यात आमचं किती बसलंय, तेवढं वाचून सांगा. मुकादम म्हनतोय, उचल फिटली न्हाई." मी चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या, बेरीज केली आणि ती त्यांना सांगितली. पण बेरीज बरोबर असली तरी तिच्यातला प्रत्येक आकडा बरोबर आहे काय, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, मुकादमापाशी नव्हते, आणि ज्याने ती चिठ्ठी यंत्रातून फाडून दिली त्या काट्यावरच्या कारकुनापाशीही बहुधा नव्हते.

त्या आकड्यावर किती माणसांचे पोट अवलंबून असते याचा विचार केला म्हणजे मन अस्वस्थ होते. तोडणाऱ्या जोडप्याची मजुरी, मुकादमाचे कमिशन, वाहतूकदाराचे भाडे, शेतकऱ्याचे बिल, कारखान्याचे गाळप आणि सरकारदरबारी जाणारा अहवाल, ही सारी खतावणी काट्याच्या पडद्यावर क्षणभर स्थिरावलेल्या एका संख्येवरून सुरू होते. ती संख्या आता लोखंडी दांडी आणि सरकते वजन ठरवीत नाही, सॉफ्टवेअर ठरविते. म्हणून यंत्राच्या आज्ञावलीची चोरी आणि उत्पादनाच्या नोंदींतील फेरफार हा विषय मोठ्या शहरांतील संगणकतज्ज्ञांचा आहे, आपल्यासारख्या दुष्काळी तालुक्याचा त्याच्याशी संबंध काय, असे म्हणण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही. माझे म्हणणे असे आहे की, ज्या यंत्राच्या आकड्यावरून दुसऱ्याचे देणे ठरते, त्या यंत्राची आज्ञावली आणि तिच्या नोंदी यांचे रक्षण ही मालकाची खाजगी बाब नसून सार्वजनिक विश्वस्ताचे कर्तव्य आहे. आणि पूर्वी तराजूवर जशी सरकारची मोहोर उमटत असे, तशी ती आता आज्ञावलीवर उमटली पाहिजे.

जुन्या मापांची आठवण येथे सहज होते. खळ्यावर धान्य मोजताना मापारी पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे आणि मग दोन, तीन असे मोजत जाई. ती पायली, ते मापटे, ते चिपटे सर्वांच्या डोळ्यांसमोर भरे आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर रिते होई. लबाडी त्याही काळी होती, नाही असे नाही; 'मापात पाप' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगीच रूढ झालेला नाही. परंतु त्या पापाला जागा थोडी होती. मापाचे बूड आत ठोकलेले असले तर हात घालून कळे, तागडीखाली मेण लावले असले तर ती उलटून दाखविता येई. आमच्या गावाच्या नावाशीच 'कासार' हा शब्द जोडलेला आहे, आणि कासाराकडचे भांडे बोटाने वाजवून घ्यावे, ही शिकवण आम्हांला लहानपणी मिळालेली आहे. नाद खणखणीत आला तर भांडे निर्दोष, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे असे समजावे. आजच्या काट्याला मात्र वाजवून पाहण्याची सोय नाही. त्याचा दोष ऐकू येत नाही, दिसत नाही आणि हाताला लागत नाही.

या काट्याच्या पोटात काय असते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. ज्या लोखंडी मंचावर ट्रक उभा राहतो, त्याच्या खाली पोलादाचे लोडसेल बसविलेले असतात. भार आला की ते पोलाद डोळ्यांना न दिसण्याइतके दबते, त्यावर चिकटविलेल्या बारीक तारेचा विद्युत्-रोध त्या प्रमाणात बदलतो, आणि त्यातून काही मिलिव्होल्टांचा अत्यंत क्षीण संकेत निर्माण होतो. सर्व लोडसेलांचे संकेत एका जोडपेटीत एकत्र येतात, तेथून वायरीने कारकुनाच्या खोलीतील इंडिकेटरमध्ये जातात, तेथे त्यांचे अंकांत रूपांतर होते, आणि ते अंक दुसऱ्या एका वायरीने संगणकात जाऊन वाहन क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, भरलेले वजन, रिकामे वजन आणि वजावट यांच्यासह चिठ्ठीवर छापले जातात. किती संकेताला किती किलो समजावे, हे इंडिकेटरच्या स्मृतीत साठविलेल्या एका गुणकावर ठरते. तो गुणक बदलला की वजन बदलते, आणि मंचावरचा ऊस मात्र होता तेवढाच राहतो. जोडपेटीत एखादे परके सर्किट बसविणे, इंडिकेटरचा परवलीचा शब्द वापरून तो गुणक हलविणे, किंवा संगणकातील आज्ञावलीतच आलेली संख्या आणि छापलेली संख्या यांच्यामध्ये एक ओळ घुसविणे, असे फेरफाराचे तीन दरवाजे आहेत. बाहेरून त्यांपैकी एकही दिसत नाही.

हे केवळ शंकेखोराचे मनोराज्य नव्हे. 2017 च्या एप्रिलमध्ये लखनौ येथे उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष दलाने पेट्रोल पंपांवर छापे घातले, तेव्हा मोजणीच्या यंत्रात दडविलेल्या आणि दुरून चालू-बंद करता येणाऱ्या चिपा सापडल्या. त्याच वर्षी ठाणे पोलिसांच्या तपासात महाराष्ट्रातील पंपांवरही अशा कारवाया झाल्या. पंपाचा आकडा पुढे पळत होता आणि टाकीत इंधन कमी पडत होते. त्याच्या आधी दोन वर्षे, 2015 च्या सप्टेंबरमध्ये, फोक्सवॅगन या जगद्विख्यात कंपनीच्या डिझेल गाड्यांतील आज्ञावलीचे रहस्य अमेरिकेत उघडकीस आले होते: गाडी चाचणीच्या यंत्रावर आहे हे ती ओळखत असे आणि तेवढ्या वेळापुरता धूर नियमाबरहुकूम सोडीत असे. जगभरातील सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत ती योजना होती. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या चाचण्यांनंतर भारतातही तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. आणि 2010 साली प्रकाशात आलेल्या स्टक्सनेट या दुष्ट आज्ञावलीने तर इराणमधील नतांझच्या अणुकेंद्रात फिरत्या यंत्रांची गती बिघडविताना नियंत्रकांच्या पडद्यावर सर्व काही सुरळीत असल्याचे जुनेच आकडे फिरवीत ठेवले होते. या तिन्ही प्रकरणांचा इत्यर्थ आमच्या काट्यासाठी एकच आहे. निरीक्षक समोर उभा असताना प्रामाणिक आणि पाठ फिरताच अप्रामाणिक, अशी वागणूक पूर्वी फक्त माणसाला जमत असे, आता ती यंत्राला शिकविता येते; म्हणून वर्षातून एकदा प्रमाणित वजने ठेवून केलेली परीक्षा आवश्यक असली तरी पुरेशी नाही.

चोरीच्या आज्ञावलीचा प्रश्न याहून वेगळा आहे, असे अनेकांना वाटते. मलाही तसे वाटत होते. काही वर्षांपूर्वी कापसाची ट्रॉली घेऊन मी एका खाजगी काट्यावर गेलो होतो. चिठ्ठी हातात आली, वजन ठीक वाटले, पण तारीख पाहिली तर ती दोन वर्षांपूर्वीची. मी तरुण कारकुनाला विचारले, तेव्हा तो जराही न बिचकता म्हणाला, "गुरुजी, तारीख फुडं नेली की सॉफ्टवेअर बंद पडतंय. पेन ड्राइव्हवरून टाकलेलं हाय." मूळ विक्रेत्याचे डोंगल नव्हते, मुदत संपलेली होती, म्हणून संगणकाचे घड्याळच मागे नेऊन ठेवलेले होते. तो मुलगा लबाड नव्हता. मालकाचे चार पैसे वाचवीत होता, एवढेच. परंतु त्या दिवशी माझ्या ध्यानात आले की, ज्या प्रणालीला चालण्यासाठीच खोटी तारीख खावी लागते, तिच्या पोटातून खरा दस्त निघेल अशी अपेक्षा धरता येत नाही. त्या चिठ्ठीवरून मी उद्या न्यायालयात गेलो असतो, तर माझा कापूस मी पिकविण्यापूर्वीच विकला असे सिद्ध झाले असते. शिवाय ज्याने कुलूप तोडून ती प्रत बनविली, त्याने कुलपाबरोबर आणखी काय तोडले आणि काय बसविले, हे कोणास ठाऊक! मूळ प्रतीत काही दोष आढळला तर तो दुरुस्त करणारा कर्ता तरी असतो. चोरीच्या प्रतीला मायबाप नसतात.

आता थोडा हिशेब करू. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या मजुरीत 34 टक्क्यांची वाढ ठरून दर टनाला सुमारे 366 रुपयांवर आला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी, दिवसाकाठी दोन टनांच्या आसपास ऊस तोडते, साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत भरते, असे धरले आणि हंगाम 120 दिवसांचा मानला, तर तिचे 240 टन होतात. काट्याने शंभरात एकच कमी दाखविला, तर अडीच टनांच्या जवळपास ऊस, म्हणजे दोन माणसांचे पहाटेपासून रात्रीपर्यंतचे सव्वा दिवसाचे कष्ट, कोणाच्याही नकळत नाहीसे होतात. शंभरात पाच कमी दाखविला तर सहा दिवस जातात. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले, तर वीस टनांच्या खेपेत एक टक्का म्हणजे दोन क्विंटल, आणि दर तीन हजार धरला तर सहाशे रुपये. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याच्या दारात हाच एक टक्का पाच हजार टन आणि दीड कोटी रुपये होतो. मी येथे कोणत्याही कारखान्यावर आरोप करीत नाही. अनेक काटे चोख आहेत, हे मी जाणतो. परंतु एवढी मोठी रक्कम एका अदृश्य गुणकाच्या आधाराने लोंबकळत असावी आणि तिची रुजवात घेण्याचे साधन देणेकऱ्याच्याच हाती असावे, ही स्थिती चोख माणसालाही संशयाच्या छायेत उभे करते.

वजनाप्रमाणेच उताऱ्याचेही, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीचेही, आहे. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला, आणि त्यावरील प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये अधिक. म्हणजे प्रयोगशाळेतील यंत्रांच्या नोंदींत दशांश चिन्हानंतरचा एक अंक इकडचा तिकडे झाला, तर टनामागे 33 रुपयांचा आणि पाच लाख टनांमागे 1 कोटी 66 लाखांचा फरक पडतो. उत्पादनाची नोंद हा शब्द ऐकायला कोरडा वाटतो. पण या नोंदींतच उसाचा गोडवा कोणाच्या ताटात किती वाढायचा ते ठरते.

कारखानदार आणि उद्योजक हेही या चोरीचे बळी असतात, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. मालकाच्या पाठीमागे चालक आणि काटेवाला संगनमत करून त्यालाच गंडवू शकतात; वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकाने वर्षानुवर्षे घासून तयार केलेला यंत्राचा प्रोग्राम बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमधून रात्रीतून दुसऱ्याच्या यंत्रावर जाऊ शकतो; आणि सर्व नोंदी कुलूपबंद करून खंडणी मागणारे दरोडेखोर तर आता दाराशी न येताच दरोडा घालतात. प्रामाणिक आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणांचे, ज्यांत आमच्या मराठवाड्यातील मुलेही आहेत, नुकसान आणखी वेगळे: त्यांची बुद्धी चोरीला जाते आणि तिच्यावर दुसऱ्याच्या लबाडीचा डागही बसतो. म्हणून मालक, कर्ता आणि मोजून घेणारा या तिघांचे हित येथे एकत्र येते.

कायदा नाही असे नाही. संगणकाची आज्ञावली 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याने, नंतरच्या दुरुस्त्यांन्वये, ग्रंथासारखीच संरक्षित आहे, आणि तिची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला शिक्षा आहे. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 65 प्रमाणे आज्ञावलीच्या मूळ संहितेत फेरफार करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र ती संहिता जपून ठेवण्याचे बंधन एखाद्या कायद्याने घातलेले असले पाहिजे, अशी त्या कलमाची अट आहे. 2009 चा वैधमापन कायदा 1 एप्रिल 2011 पासून अंमलात आला. त्याखालील नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची पुनर्पडताळणी दर बारा महिन्यांनी व्हावयाची असते. परंतु फसवणुकीच्या हेतूने मापात बदल करणाऱ्यास मूळ कलम 26 मध्ये पहिल्या गुन्ह्याला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड तेवढा सांगितला आहे. दीड कोटीच्या मोहापुढे पन्नास हजारांचा धाक किती टिकणार! निरीक्षक येतो, वजने ठेवतो, तार ओवून शिशाचे सील ठोकतो आणि दाखला देतो. ते सील पेटीच्या झाकणावर असते. झाकणाच्या आतली आज्ञावली मात्र वायरीवाटे उघडीच राहू शकते.

शेतकऱ्यांनी हा प्रश्न रस्त्यावर आणलेला आहे. 2022 च्या नोव्हेंबरात स्वाभिमानी शेतकरी संघटनेने पुण्याच्या साखर संकुलावर मोर्चा नेला, त्यातील एक मागणी काटे ऑनलाइन करण्याची होती. मागणी रास्तच आहे. पण चुकीचा आकडा ऑनलाइन पाठविला तर तो पुण्यात अधिक वेगाने पोहोचतो, एवढेच. तो खरा होत नाही. खरेपणाची तजवीज आकडा जन्मतो तेथेच करावी लागेल. त्यासाठी वैधमापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिफारशींत एक अत्यंत साधी युक्ती सांगितलेली आहे: इंडिकेटरच्या आत असा गणक ठेवावा, की वजनाचा गुणक ज्या ज्या वेळी बदलला जाईल त्या त्या वेळी तो आपोआप एकाने वाढावा आणि कोणालाही मागे फिरविता येऊ नये. पडताळणीच्या दिवशी निरीक्षकाने तो आकडा दाखल्यावर लिहावा. पुढे कोणत्याही दिवशी गणक दाखल्यापेक्षा पुढे गेलेला दिसला, तर काट्याला कोणीतरी हात लावला एवढे लहान मुलालाही कळेल. त्याच्या जोडीला मंजूर आज्ञावलीची मूळ प्रत सरकारी दफ्तरात अनामत राहावी, काट्यावर चालू असलेली प्रत तिच्याशी अक्षरशः जुळते की नाही हे तपासण्याचा अधिकार निरीक्षकाला असावा, आणि अशी मूळ संहिता जतन करणे कायद्याने स्पष्टपणे बंधनकारक करावे, म्हणजे कलम 65 ला दात येतील.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आज्ञावली ही विक्रेत्याची व्यवसायगुप्ती आहे, ती सरकारी दफ्तरात ठेवली तर तेथूनच तिची नक्कल होईल. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. म्हणूनच ती प्रत मोहोरबंद असावी, केवळ तंट्याच्या प्रसंगी दोन्ही पक्षांसमक्ष उघडावी, आणि रोजच्या तपासणीला तिच्यापासून गणिताने काढलेला ठसा पुरेसा मानावा. त्या ठशावरून आज्ञावली वाचता येत नाही, पण तिच्यातील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. लहान काटेवाल्याला खरी प्रत परवडत नाही, म्हणून तो चोरीची वापरतो, हे मी स्वतः पाहिले आहे. तेव्हा वजन छापण्याची एक साधी, पारखलेली आज्ञावली शासनानेच तयार करवून अशा काटेवाल्यांना विनामूल्य द्यावी. ज्या राज्यात 1950 सालच्या अखेरीस प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना गाळू लागला, त्या राज्याला एवढी सार्वजनिक मालकीची वस्तू निर्माण करणे अवघड जाऊ नये.

आणि एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वजनाची नोंद ही कारखान्याची जितकी, तितकीच ऊस पिकविणाऱ्याची आणि तोडणाऱ्याची आहे. आज खेपेची चिठ्ठी तोडणाऱ्याच्या हाती पडते तीही अनेकदा मुकादमाच्या मेहेरबानीने, आणि मूळ नोंदीत पुढे काय झाले ते त्याला कधीच कळत नाही. काटा होताक्षणी तेच वजन, तीच वेळ आणि गणकाचा तोच आकडा शेतकऱ्याच्या व तोडणाऱ्या जोडप्याच्या मोबाइलवर मराठीत आला, तर एकाच नोंदीच्या तीन प्रती तीन वेगळ्या हातांत राहतील, आणि तिन्ही एकाच वेळी खोट्या करणे कोणालाही साधणार नाही. जुन्या काळी एकाच व्यवहाराचे कागद दोन्ही पक्षांकडे राहत, त्यामागे हेच शहाणपण होते.

येत्या दसऱ्यापूर्वी निदान एक काम व्हावे, अशी माझी वैधमापन यंत्रणेला आणि साखर आयुक्तालयाला विनंती आहे. ज्या काट्यांत असा गणक आहे, तेथे दाखल्यावरील आकडा काट्याच्या खोलीबाहेर, ट्रकवाल्याच्या उंचीवरून दिसेल अशा पाटीवर, हातभर मोठ्या अक्षरांत रंगवावा, आणि इंडिकेटरवरील चालू आकडा विचारणाऱ्याला दाखविणे कारकुनावर बंधनकारक करावे. ज्या काट्यांत गणक नाही, तेथे तो बसविण्याची मुदत त्याच पाटीवर लिहावी. ओट्यावर पिशवी घेऊन बसलेल्या त्या बाईंना लोडसेल कळणार नाही, मिलिव्होल्ट कळणार नाही. पण मोळ्या मोजून मोजून अंक त्यांना चांगले ओळखू येतात. पाटीवरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा एक आहेत की दोन, हे पाहण्यासाठी त्यांना माझी गरज पडणार नाही.